मोठेभाऊंचा कबुलीजबाब

आमच्या पडवीत दर दुपारी एक तरी खून व्हायचा. मी गावच्या शाळेत मास्तरीण. शाळा सुटून निघाले की लांबूनच आईचा आवाज ऐकू यायचा, "आणि पडद्यामागे प्रेत होते!" रस्त्याने जाणारी परकी माणसं दचकून थांबायची. गावातली थांबत नसत. त्यांना माहीत होतं की बाईंचं पुस्तक सुरू आहे.

आई साठी ओलांडल्यावर वाचायला शिकली. मी शिकवलं, असं मी सांगत असे. खरं तर ती स्वतःच्या हट्टाने शिकली. सगळ्यात आधी तिने धम्माची छोटी पुस्तकं वाचली, मग मी शिकवत असे ती पाचवीची भूगोलाची, आणि मग एकदा वडशाच्या स्टेशनवरून मी वेळ घालवायला एक रहस्यकथा आणली, तिथे सगळं बिघडलं. त्यात एक म्हातारी होती. कोणाच्या अध्यात ना मध्यात, विणत बसायची आणि पोलिसांना न सापडलेला खुनी शोधायची. आई त्या म्हातारीवर इतकी खूश झाली की पुस्तक संपल्यावर दोन दिवस जेवणात मीठ नव्हतं. मग मला दर महिन्याला तसलीच पुस्तकं आणावी लागली. तरुण, देखणा, पिस्तूलवाला हेर तिला चालायचा नाही. "त्याले काय, गोळी मारली का झालं," असं म्हणून ती पुस्तक परत करायची. तिला म्हातारे हेर हवे असत. तसली पुस्तकं शोधून शोधून मी अगदी कावून जायचे.

ऐकायला दोघं असायचे. एक गार्डभाऊ. जंगलखात्यातून रिटायर झालेले, कुरखेड्यापासून पार एटापल्लीपर्यंत नोकरी फिरलेले, मिशांना तेल लावणारे. ते दुसऱ्याच प्रकरणात खुनी ओळखायचे आणि दर वेळी चुकायचे. आई शेवटची पानं सुईदोऱ्याने शिवून ठेवायची, कारण गार्डभाऊंचा हात सारखा तिकडे जायचा.

दुसरे मोठेभाऊ. गावातल्या सगळ्यात मोठ्या धानवाल्या शेतकऱ्याचे वडील, सत्तरी केव्हाच उलटलेले, आणि दोन्ही कानांनी जवळजवळ ठार बहिरे. आई गाव हादरवून वाचायची ती त्यांच्यासाठी. हे मोठेभाऊ एकेकाळी आमच्या घरचं पाणी पीत नसत. ते मी विसरलेले नाही, आणि विसरावं असं मला वाटतही नाही. पण म्हातारपणी त्यांच्याशी बोलायला घरात कोणी उरलं नाही. बहिऱ्याशी बोलायचं म्हणजे मेहनत. ती मेहनत माझी आई रोज करायची, म्हणून ते येऊ लागले. आधी पायरीवर बसले, मग पडवीत, मग कपात चहा घेऊ लागले. आई म्हणायची, खुनापायी का होईना, माणूस वर तर आला.

हा सगळा पोरखेळ होता. पोरखेळच राहिला असता तर मी आज लिहायला बसले नसते.

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची गोष्ट. हिवाळा होता. धान कापून झालं होतं आणि बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतांत, पुंजणी उभी होती. आमच्याकडे धान कापलं की लगेच चुरत, म्हणजे मळत, नाहीत. भारे बांधून त्यांचा मोठा ढीग रचतात, तेच पुंजणं. गावभराची चुरणी आटपेपर्यंत ते तसंच उघड्यावर असतं, आणि रानडुकरांपासून, चोरांपासून राखायला कोणीतरी रात्री तिथे झोपतं. मोठेभाऊंच्या मुलाचं सगळ्यात मोठं पुंजणं एका रात्रीत जळून गेलं. सकाळी गेलो तर काळा गोल उरला होता आणि अजून धूर येत होता.

पुंजणं जळालं की गाव पहिला प्रश्न विचारतं तो 'कोणी लावलं?' हाच. आपोआप लागलं असेल असं कोणाच्या मनातही येत नाही, कारण दुष्मनी काढायची आमच्याकडची ही जुनी रीत आहे. मारामारी नको, शिवीगाळ नको, एक काडी पुरते. उत्तरही तयार होतं. मोठेभाऊंच्या मुलाचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, गोंड समाजाचा एक तरणाबांड पोरगा. बायको आणि लहानगी मुलगी घेऊन मालकाच्या गोठ्यामागच्या खोलीत राहायचा. बहिणीच्या लग्नाला जायला त्याने सुट्टी मागितली, मालक नाही म्हणाला, आणि विहिरीजवळ दहा माणसांसमोर तो बोलून गेला की मग तुमचं धान तुम्हीच राखा. आणि गेला लग्नाला. त्याच रात्री पुंजणं जळालं. झालं! गावाला अजून काय पाहिजे? तो लग्नाहून हळद लागलेल्या कपड्यांनी परत आला आणि त्याच कपड्यांत त्याला ठाण्यात नेलं. लग्नात होतो म्हणाला, तर म्हणे तुझे नातेवाईक तुझ्याच बाजूने बोलणार. मग चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, जेलात पाठवला. जिल्हा नवा झाला तरी आमच्यासाठी जेल म्हणजे चांदाच.

त्याची बायको दुसऱ्या दिवशी आमच्या पडवीत येऊन बसली. मुलगी मांडीवर. रडत नव्हती. आईला एवढंच म्हणाली, "बाई, तुमी कायतरी करा."

आईचा चेहरा मला अजून दिसतो. हे बोलणं तिच्या काळजाला लागलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्यात थोडा आनंदही होता. इतकी वर्षं पुस्तकातल्या म्हातारीकडे लोक येत होते. आज तिच्याकडे कोणी आलं होतं. मी म्हटलं, आई, ही पोलिसांची कामं आहेत. तर म्हणाली, पोलिसानं धुऱ्यावर, शेताच्या कडेलाच उभं राहून पाहिलं आणि पायाला राख लागू न देता परत गेला, आता बोल.

गार्डभाऊ त्याच दिवशी जळालेल्या जागेवर गेले आणि काठीने राख उकरून आले. संध्याकाळी त्यांनी गमछा सोडून आमच्या पडवीत मडक्याचे तुकडे मांडले. आतून जळके, गळ्याशी भोकं पाडलेले. त्या भोकांतून तार ओवून मडकं हातात धरतात. निखारे न्यायचं मडकं. थंडीत राखणीला जाताना जुनी माणसं चुलीतले निखारे राखेखाली झाकून असं नेत आणि रात्री उशाशी ठेवत. आता सगळे खिशात माचीस ठेवतात आणि तिथेच शेकोटी पेटवतात. गावात मडकं घेऊन फिरणारा एकच माणूस उरला होता.

गार्डभाऊंचा अंदाज जन्मात पहिल्यांदा बरोबर आला होता, आणि तो त्यांना नको होता. शेवटी तेच म्हणाले की मोठेभाऊ तीन-चार दिवसांत वाचनाला आले नाहीत.

मग आले. हाताला फडकं गुंडाळलेलं, अंगावर नेहमीच्या जुन्या घोंगडीऐवजी नवी कोरी चादर. आईने पुस्तक उघडलंच नाही. त्यांच्यासमोर मडक्याचे तुकडे ठेवले आणि नुसती बसून राहिली. बहिरा माणूस एरवी ओरडून बोलतो. त्या दिवशी मोठेभाऊ इतके हळू बोलले की मला पुढे सरकून ऐकावं लागलं.

सालदार गेला, मुलगा घरी झोपला, पुंजण्यावर कोणी नाही. हे त्यांना सहन झालं नाही. कोणाला न सांगता ते उठून गेले. वारा होता म्हणून पुंजण्याच्या आडोशाला झोपले. मडकं जवळ ओढून घेतलं. जाग आली ती चटका बसून. घोंगडीने झोडपलं, हाताने झोडपलं, पण वाळलेलं धान ते, थांबतंय थोडंच? मग घाबरून घरी पळाले आणि पांघरुणात शिरले. सुनेने जळकी घोंगडी पाहिली, मुलानेही पाहिली. कोणी एक शब्द काढला नाही.

"लावली नाई बाई, लागली," ते म्हणाले. "पन सांगतलं असतं तं मले पुन्हा बांधीवर कोन जाऊ देल्लं असतं?"

आईने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं की तो पोरगा जेलात आहे त्याचं काय. मोठेभाऊ डोळे पुसत म्हणाले, मी सांगतो, तुम्ही म्हणाल तिथे सांगतो.

मला वाटलं, सुटलो. हरामखोरी कोणाचीच नव्हती, एका म्हाताऱ्याच्या हातून चूक झाली होती. मुलाला बाजूला घ्यायचं, सांगायचं, तो रिपोर्ट मागे घेईल, संपलं. मी तसं आईला म्हटलंही. पण आई आणि गार्डभाऊ दोघांच्याही डोक्यात पुस्तकं भरलेली. पुस्तकात म्हातारा हेर काय करतो? सगळ्यांना एका खोलीत जमवतो. सगळ्यांसमोर एकेक पुरावा मांडतो. खुनी उभा राहून कबूल करतो, आणि निर्दोष माणूस सुटतो. आई म्हणाली, एकट्यात सांगितलं तर तो दाबून टाकेल. चारचौघांत कबूल झालं की कोणाला फिरता येणार नाही. बोलण्यात तथ्य होतं. आजही मी त्या दुपारचा विचार करते तेव्हा मला तिचं म्हणणं चूक वाटत नाही, आणि हाच माझ्या जिवाला घोर आहे.

रविवारी शाळेच्या खोलीत बैठक बसली. आईने आग्रहाने सगळ्यांना बोलावलं होतं. सरपंच आले, पोलीस पाटील आले, धानवाला आला. सालदाराची बायको दाराबाहेर बसली, मुलीला पदराखाली घेऊन. गार्डभाऊंनी सुरुवात केली. काय सांगू, सुरेख बोलले! धुऱ्यावरची पावलं, वाऱ्याची दिशा, मडक्याचे तुकडे. लोक माना पुढे काढून ऐकत होते. मग आईने मोठेभाऊंच्या खांद्याला हात लावला, तसे ते उभे राहिले आणि फडकं सोडून भाजलेला हात सगळ्यांना दाखवला. म्हणाले, आग माझ्या हातून लागली, पोराला सोडा.

आई माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, झालं.

मोठेभाऊंचा मुलगा उठला. त्याचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. हात भाजलेल्या बापाला घरात लपवलं आणि परक्याच्या पोराला जेलात धाडलं, हे आता त्याच्या तोंडाने निघायचं होतं. तो हसला. इतकं वाईट हसणं मी पाहिलं नाही.

"बुढ्याचं डोस्कं फिरलं आहे," तो म्हणाला. "सकाळी जेवला का नाई ते त्याले संध्याकाळी आठवत नाई. हात चुलीत पोळला. या बाई दिवसभर खुनाच्या गोष्टी सांगून राह्यल्या त्याले, तो आता सोताले खुनी समजून राह्यला."

कोणीतरी हसलं. मग दोघं-तिघं हसले. मग सगळ्यांना सुटल्यासारखं झालं, कारण हे ऐकणं सोपं होतं. सरपंचांनी मान डोलावली. पोलीस पाटील म्हणाले, वय झालं की असं होतं.

आणि मोठेभाऊ उभेच होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. लोक हसताना बघून ते जरासे हसले, त्यांना वाटलं गोष्ट मिटली. मग आईकडे वळून त्यांनी विचारलं, "काय म्हन्ते तो?"

सबंध गल्लीला खून ऐकवणारी माझी आई. तिच्या तोंडून आवाज फुटेना. पोटचा मुलगा तुम्हाला वेडा म्हणतोय, हे त्यांच्या कानात ओरडून कसं सांगायचं? आणि ओरडल्याशिवाय तर त्यांना ऐकू येणार नव्हतं. तिने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. मी भिंतीला टेकून उभी होते. जाऊन त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. मारली नाही. मास्तरीण होते, त्या गावात नोकरी करायची होती, आणि मारून काय होणार होतं?

मोठेभाऊंना ते कळलं, पण पुढे, घरच्यांच्या वागण्यावरून. त्यांना बाहेर सोडेनात. तरीही एक दिवस संधी साधून ते गार्डभाऊंबरोबर बसने ठाण्यात गेले. मी पुन्हा कबूल करायला आलोय म्हणाले. तिथल्या साहेबाने खुर्ची दिली, चहा दिला, बाबा बाबा म्हणून बोलला, आणि जीपमध्ये बसवून घरी आणून सोडलं. मुलाकडून आधीच निरोप गेलेला होता. गार्डभाऊ मला म्हणाले की शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. एवढा मिशांचा माणूस, वाघाच्या मागे पायी फिरलेला, आमच्या पडवीत पोरासारखा रडला.

त्यानंतर मोठेभाऊंचा मुलगा शाळेत आला होता. मधली सुट्टी होती, मुलं बाहेर होती. मला वाटलं भांडायला आला. तो बाकाशी उभा राहिला, टोपी काढली.

"मास्तरीणबाई, तुमच्या आईनं मले एकट्याले सांगतलं असतं तं म्या रिपोर्ट मांगं घेतली असती. आईची आन. आता सगळ्या गावापुढं सोताच्या बापाले पागल म्हनलो. आता मांगं कसा येऊ?"

मी म्हटलं, या, अजूनही मागे या. तो पोरगा तिकडे सडतोय. त्याने मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्याचा मला मनापासून संताप आला. खरं बोलत होता की मनाचं समाधान करून घेत होता, मला आजवर कळलेलं नाही. हे मी आईला सांगितलं नाही. सांगून तिला आणखी कुठे जाळायचं?

आईने मात्र सोडलं नाही. सरपंचांकडे गेली, कुरखेड्याला वकिलाकडे गेली, मला अर्ज लिहायला लावले. वकील सभ्य माणूस होता. तो म्हणाला, घरचे सगळे म्हाताऱ्याला भ्रमिष्ट म्हणतायत, त्याच्या बोलण्याला कोर्टात काय किंमत? आई म्हणाली, अहो पण खरं आहे ना ते. वकील म्हणाला, असेल. त्या 'असेल'वर आई उठली आणि घरी आली. पडवीत पुस्तक पडलं होतं ते तिने उचलून आत फळीवर टाकलं.

सालदार पुढे सुटला म्हणतात, पावसाळ्याच्या सुमाराला. आम्हाला ते ऐकूनच कळलं, कारण तो गावात परत आला नाही. मोठेभाऊ तोवर गेले होते. त्यांना शेवटपर्यंत सगळे लहान मुलासारखं वागवत राहिले, आणि हळूहळू ते तसे झालेही.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, पाडव्याच्या अलीकडचं. पाडव्याला आमच्याकडे सालदाराचं साल बदलतं. मालकाने नवा माणूस ठरवला होता आणि गोठ्यामागची खोली रिकामी करायला सांगितली होती. सालदाराची बायको सामान घेऊन निघाली ती आमच्याकडून गेली. सामान ते किती? एक बोचकं, दोन भांडी आणि कडेवर पोर. चांद्याला जाणार होती, जेलाजवळ कुठे काम मिळालं तर बघणार होती. आईने तिच्यासाठी भाकरी बांधल्या, मुलीला माझी जुनी शाल दिली. मग काही केल्या तिला राहवेना. तिच्यासमोर बसली आणि म्हणाली की आम्ही हरलो गं, पण एवढं लक्षात ठेव, खरं काय ते आम्ही शोधून काढलं. तुझ्या नवऱ्याने काही केलं नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

बाईने मुलीच्या अंगावर शाल नीट केली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हाला सोसता आला असता.

"ते तं मले पयल्याच दिवशी मालूम होतं, बाई," ती म्हणाली. "म्या गोठा झाडत होती. सून जळकी घोंगडी गाडून राह्यली होती शेणखताच्या खड्ड्यात. म्या पाह्यलं."

मीच विचारलं, मग काऊन नाही सांगितलं?

"माहं कोन आयकते? तुमी वाचनाऱ्या, तुमची पोरगी मास्तरीण. म्या तुमाले शोधाले थोडी सांगतलं होतं. लोकं तुमचं आयकतीन म्हून आली होती."

बसचा हॉर्न ऐकू आला. तिने बोचकं डोक्यावर घेतलं, आईच्या पाया पडली आणि निघाली. मी तिच्यामागे स्टँडपर्यंत गेले, मुलीला बसमध्ये चढवून दिलं. परत आले तेव्हा आई तिथेच बसली होती.